दोरा आता दातात नाही

जून २०२०, कोरोनाचे दिवस. लॉकडाऊननंतर २८ जूनपासून पार्लर उघडायला परवानगी मिळाली, पण फक्त कटिंग, डाय, वॅक्सिंग, थ्रेडिंग वगैरे. स्किनचं काही नाही. आज कोथरूडच्या एक काकू ऐकेचनात. "अगं, तीन महिने चेहऱ्याला काही लागलं नाहीये, दार लाव आणि कर गुपचूप फेशियल!" नाही म्हटलं. फुगल्या थोड्या.

खरी पंचाईत थ्रेडिंगची. दोऱ्याचं टोक दातात धरायची सवय, म्हणजे माझा मास्क खाली आणि तोंड गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर. आता टोक गळ्यात बांधते आणि मानेने ताण देते. मास्क जागेवर राहतो. वेग मात्र निम्मा, आणि संध्याकाळपर्यंत मान ठणकते. भुवयांचं जमतंय. अप्पर लिपला समोरचीचा मास्क काढावा लागतो, म्हणून ते मी स्वतःहूनच बंद ठेवलंय.

बाकी फोन करूनच यायचं, नॅपकिन एकदाच वापरायचा, प्रत्येकीनंतर खुर्ची पुसायची, दर २ तासांनी फरशी. एसी बंद, खिडक्या उघड्या. (ॲप्रन, ग्लोव्हज, फेसशील्ड घालून माझंच स्टीम होतंय!)

वापरून फेकायच्या टॉवेलचे पैसे वेगळे लावावेत का, ठरत नाहीये. पार्लरवाल्या मैत्रिणींनो, तुम्ही काय करताय?