मान, तारा आणि ०.८चं पेन

रविवार, रात्री

फ्लेमिंगो काढायला मुळीच अवघड नाही. वळणदार मान, फुगीर अंग, खाली दोन काड्या. चौथीतलं पोरही काढेल. अवघड आहे ते मागचं आभाळ. कागदावर आभाळ म्हणजे सोडून दिलेली जागा. काचकामात, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडून चित्र करताना, सोडून दिलेली जागा नसतेच. तिथेही काच लागते, ती कुठेतरी कापावी लागते, आणि जिथे कापाल तिथे जोडाची काळी रेघ उमटते. दोन्ही पक्षी केव्हाच काढून झालेत, मी अजून आभाळातच अडकलेय.

ताईच्या कोपरीच्या नव्या घरात स्वयंपाकघराच्या दारावर व्हेंटिलेटर आहे, ३० इंच बाय १५. बिल्डरने दुधी काच लावून मोकळं केलंय. ताईला तिथे रंगीत काच हवी, आणि त्यात फ्लेमिंगोच हवेत. भाऊजी तिला उन्हाळ्याआधी ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने खाडीत घेऊन गेले होते, तेव्हापासूनचं हे वेड. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेला. ऐरोलीत माझ्या घरापासून इतक्या जवळ असून बोटीत मी अजून बसलेली नाही, ते असो. भाऊजींनी ढीगभर फोटो पाठवलेत. पुढे चिखलात गुलाबी थवा, मागे खारफुटीची तिवरं, त्यामागे हाय टेन्शनचे मनोरे आणि आडव्या तारा. फोन करून म्हणाले, "त्या तारा काढून टाका हं चित्रातून. घाण दिसतात."

मी 'बघते' म्हटलं. काढून टाकणार नाहीये. त्या तारांनीच माझं काम होणार आहे.

कारण असं. कटरने आपण काच कापत नाही, चाकाने नुसता ओरखडा ओढतो. मग पक्कडीने दाब दिला की तडा त्या ओरखड्यावरून पळतो आणि कड गाठूनच थांबतो. म्हणून चित्रातली एकही रेघ मधेच संपून चालत नाही. तिला दुसऱ्या रेघेला किंवा चौकटीला जाऊन भिडावंच लागतं. शिवाय तड्याला सरळ जायची खोड. बाहेर फुगलेली कड त्याला चालते, थोडं आतलं वळणही चालतं, पण खोल पोट काढायला गेलं की तो वळण सोडून सुटतो आणि काच वाया जाते. आतला काटकोन तर विसरायचाच. आता फ्लेमिंगोची मान बघा. एका बाजूने फुगलेली, दुसऱ्या बाजूने पोट आत. आणि जिथे मान फुगलेली, तिथे तिला लागून असलेल्या आभाळाचं पोट आत! म्हणजे मान तीन-चार तुकड्यांत तोडायचीच, आणि आभाळही त्या वळणाच्या सगळ्यात खोल जागेतून बाहेर फोडायचं. तिथून निघणारी रेघ कुठे न्यायची? उगीच आडवी नेली तर काच तडकल्यासारखी दिसते. तारेच्या जागी नेली, की ती तार.

सोमवार

दोन तारा, एक मनोरा अर्धवट, खाली तिवरांच्या फांद्या, मग पाण्याच्या रेघा. तारा आधी सरळ काढल्या होत्या, आता झोल दिला. खऱ्या तारांना झोल असतोच, पण माझं कारण वेगळं. एका चौकटीपासून दुसरीपर्यंत सलग सरळ रेघ गेली, की तावदान तिथे बिजागरीसारखं दुमडायला बघतं. तार मानेपाशी तुटली, पलीकडे जरा खालून पुन्हा सुरू झाली, की ती भीती उरत नाही.

चार रेघा एका ठिपक्यात येत होत्या, तीन जागी. तुकड्यांच्या कडांना तांब्याची पट्टी गुंडाळून ते डाखाने, म्हणजे सोल्डरने, जोडतात. अशा जागी डाख साचून गोळा होतो आणि चिंचोळी टोकं कापतानाच मोडतात. एकेक रेघ बाजूला सरकवली.

पाय मात्र मजेत सुटले. पायाएवढी बारीक काच कापणं शक्य नाही, आणि कापायची गरजही नाही. रेघ हाच पाय. पाण्याच्या दोन तुकड्यांमधला जोड उभा खाली आणायचा आणि पाण्याच्या आडव्या रेघेला टेकवायचा. वरून कथील लावलेली तांब्याची तार डाखली की थोडा जाड दिसेल. मागे वाकणारा तो गुडघा खरं तर पक्ष्याचा घोटा असतो. तिथे डाखाचा एक थेंब जास्त.

मंगळवार

ठाण्याला जाऊन माप घेऊन आले. ताईने फोनवर सांगितलेलं ३० बाय १५ बरोबर होतं, पण चौकट गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. दोन्ही कर्ण मोजले तर चार मिलिमीटरचा फरक. ताईला नवल वाटलं, मला नाही. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात इतकी वर्षं ट्रेसर म्हणून नकाशे काढल्यावर कागदावरचा काटकोन आणि भिंतीतला काटकोन यांची ओळख असेलच असं मी मानत नाही. सरळ जाड पुठ्ठा चौकटीत धरून त्याचाच साचा कापून आणला.

घरी आल्यावर त्या पुठ्ठ्यावरून तीन चौकोन आखले, एकात एक. सगळ्यात बाहेरचा म्हणजे चौकट, ७६२ बाय ३८१ मिमी. त्याच्या आत चारी बाजूंनी ३ मिमी सोडून तावदानाचं खरं माप, ७५६ बाय ३७५. तेवढी मोकळीक नसेल तर सुतार हातोडी घेऊन येतो. आणि सगळ्यात आत, काच धरून ठेवणाऱ्या लाकडी बिडिंग पट्टीखाली जाणारे ८ मिमी वगळून, डोळ्याला दिसणारं चित्र. चित्र या आतल्या चौकोनात बसवायचं. नाहीतर सगळं जमून येतं आणि पक्ष्याचा पाय पट्टीखाली.

बुधवार, दुपारी. पाऊस

आज पक्का आराखडा. ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर आणि पेटीतून काढलेली जुनी रोट्रिंग पेनं. ०.२ आणि ०.४ मिमी रेघेची सुकून दगड झालीत. ०.८चं कोमट पाण्यात ठेवल्यावर चालायला लागलं, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

शिवणाऱ्या बायकांना हे चटकन कळेल. कापड बेतताना शिलाईसाठी माया सोडतात, म्हणजे मापापेक्षा जास्त कापतात. काचेत उलटं. दोन तुकड्यांच्या मधे तांब्याची पट्टी आणि डाख शिरायला जागा हवी, म्हणून प्रत्येक तुकडा मापाहून किंचित लहान कापायचा. तांब्याच्या पट्टीच्या कामात दोन तुकड्यांमधली ही फट साधारण ०.८ मिमी धरतात. शिशाच्या खाचेच्या पट्टीत काम असेल तर तिची दुप्पट, कारण पट्टीचा मधला कणाच तेवढा जाड असतो. परदेशात यासाठी तीन पात्यांची कात्री मिळते. कागद कापता कापता मधली चिंधी आपोआप काढून टाकते. माझ्याकडे ती नाही, मला तिची गरजही वाटत नाही. ०.८च्या पेनाने रेघ मारायची आणि साचा कापताना काळी रेघ दोन्ही बाजूंनी सोडून द्यायची. काळं म्हणजे फट, पांढरं म्हणजे काच. कात्री जे काम करते ते पेनाने आधीच केलेलं असतं.

एक रेघ मानेजवळ फेंगडी गेली. अर्धं ब्लेड घेतलं, आडवं धरून शाई हलक्या हाताने खरवडली, नखाने कागद घोटला, पुन्हा रेघ मारली. ऑफिसात आमची सगळी खाडाखोड अशीच चालायची. घोटल्याशिवाय पेन लावलं तर शाई फुटते. बोटांना अजून सगळं आठवतं.

मग त्याच आराखड्याच्या एका झेरॉक्सवर सगळ्या रेघा ३ मिमी जाडीच्या स्केचपेनने गिरवल्या. हे कुणी सांगत नाही, पण हे केल्याशिवाय काच विकत घेऊ नये. काच ३ मिमी जाडीची, तांब्याची पट्टी साडेपाच मिमी रुंद, म्हणजे प्रत्येक कडेला वर सव्वा मिमी वळते. दोन तुकडे शेजारी आले आणि मधली फट धरली, की डाखलेली रेघ तीन मिमीच्या वर जाते. नाजूक ०.८ची रेघ कागदापुरतीच. गिरवल्यावर दिसलं की चोचीच्या टोकाचा काळा तुकडा जवळजवळ गिळला गेलाय आणि तिवरांची फांदी नुसता ढिगारा झालीय. चोच मोठी केली. फांद्या निम्म्या केल्या. आता ७०च्या आसपास तुकडे उरलेत.

बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या एका ख्रिस्ती साधूने काचकामाची रीत लिहून ठेवली आहे. त्यात कागद नाहीच. लाकडी फळीवर खडूचा पांढरा लेप द्यायचा, त्यावर खिडकी खऱ्या मापात आखायची, काच त्यावरच ठेवून आकार उतरवायचा, आणि जोडणीही तिथेच करायची. पुढची खिडकी आली की फळी खरवडून पुन्हा पांढरी. स्पेनमधल्या जिरोना इथे चौदाव्या शतकातली अशी एक फळी टिकून राहिली आहे. खरवडून पुन्हा रेघ मारणारी माणसं तेव्हाही होती म्हणजे.

गुरुवार

आज फक्त प्रती. एक जोडणीच्या फळीवर राहणार, एक कापायची, एक भिंतीवर. तिन्ही एकाच प्लॉटरवर, एकाच वेळी काढून घेतल्या. दुकानातल्या मुलाला आधीच सांगितलं, 'फिट टू पेज', म्हणजे कागदात बसवायला माप बदलणं, अजिबात नको. तरी कागदाच्या कोपऱ्यात आडवी एक आणि उभी एक अशा १० सेंटिमीटरच्या रेघा मी मारून ठेवलेल्याच असतात. दुकानातच पट्टी लावून बघितल्या. आडवी बरोबर, उभी अर्ध्या मिमीने जास्त. अर्धा मिमी म्हणजे काहीच नाही असं त्या मुलाला वाटलं. १० सेंटिमीटरला अर्धा, म्हणजे माझ्या ३७५ला जवळजवळ दोन! चूक एका तुकड्यात दिसत नाही, ती ओळीने साठत जाते. पुन्हा काढायला लावल्या.

शिवाय पावसाळा. कागद दमट हवेत फुगतो, आणि दोन दिशांना सारखा फुगत नाही. म्हणून कापायची प्रत आजच जाड कार्डावर चिकटवून, वर चिकटपट्टीचा पारदर्शक थर देऊन टाकला. काचेच्या कडा घासायच्या ग्राइंडरच्या पाण्यातही तो साचा टिकतो.

शुक्रवार, रात्री

साच्यांवर आकडे. कापायच्या आधी, सगळ्यांवर, एका बैठकीत. आभाळाचे तुकडे कापून वेगळे झाले की त्यांचे आईबापही त्यांना ओळखणार नाहीत. प्रत्येकावर आकडा, रंगाचं अक्षर आणि बाण. पाण्याची काच लाटेची आहे, तिचे पट्टे सगळीकडे आडवेच जायला हवेत. एका तुकड्यात उभे गेले की खाडीत नळ फुटल्यासारखं दिसेल.

काचेवर आकार उतरवायचे दोन मार्ग आहेत. आभाळाची फिकट निळी काच आरपार दिसते, ती सरळ आराखड्यावर ठेवून खालून दिवा लावायचा आणि रेघेच्या आतून मार्करने गिरवायचं. साचा लागतच नाही. गुलाबी काच दुधाळ, तिच्यातून काही दिसत नाही, तिथे साचाच. काळ्या चोचीवर चंदेरी पेन. मार्करच्या रेघेवर व्हॅसलीनचं बोट फिरवलं की ग्राइंडरच्या पाण्याने ती पुसली जात नाही.

आणि पाण्याच्या काचेचे साचे सगळे उलटे ठेवायचे. कटर गुळगुळीत बाजूवर चालतो. लाटांची बाजू मला समोर हवी, म्हणजे कापायचं मागच्या बाजूने, म्हणजे साचा पालथा. कार्डांवर लाल शाईत मोठं 'पालथा' लिहून ठेवलंय.

शनिवार

ताई आणि भाऊजी आले होते. जाड रेघांची प्रत भिंतीवर लावलेली. भाऊजींनी चहा होईपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तारा राहिल्याच का?" मी मानेपासून निघणाऱ्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, ही काढा, आणि मग ही आभाळाची काच एका तुकड्यात कापून दाखवा. इंजिनिअर माणूस, त्यांना लगेच पटलं. वर म्हणाले, "मग मनोरा तरी नीट काढा, त्याच्या आडव्या भुजा चुकल्यात." तेही खरं होतं. दुरुस्त करते.

ताईचा प्रश्न वेगळाच. "डोळा कुठेय?"

डोळा या मापात दोन-तीन मिमीचा. तांब्याच्या पट्टीखालीच जातो. काचेवर रंगवून भट्टीत भाजला तरच टिकतो, आणि माझ्याकडे भट्टी नाही. साधा काचरंग स्वयंपाकघराच्या दारावर, फोडणीच्या धुरात, दोन दिवाळ्याही काढणार नाही. मी म्हटलं, पुढच्या पक्ष्याची मान खाली घालूया. फ्लेमिंगो खातो तेव्हा चोच उलटी करून डोकं चिखलापाशीच असतं, डोळा नाही दिसला तरी कुणी विचारणार नाही. मागच्याला चोचीच्या रेघेला लागून डाखाचा एक बारीक ठिपका देते.

ताई म्हणाली, दोघांनाही मान खाली घालायला लावू नकोस, एक तरी बघू दे आमच्याकडे.

म्हणजे पुढच्या पक्ष्याची मान पुन्हा आखायची. खाली गेली तर वळणाचं पोट पाण्याकडे येतं, आणि तिथे तारा नाहीत. तिवराची एक फांदी आडवी करून बघते.