नान्नजचा माळ

रविवार. दिवाळीची सुट्टी संपत आलेली, आणि धाकटीचं एकच पालुपद, प्राणी बघायचे. माझे मामा, म्हणजे तिचे आज्जा, म्हणाले, "पिंजऱ्यातलं काय बघायचं? नान्नजला जाऊ की." सोलापूरहून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर. शेंगाचटणी, कडक भाकरी, दही बांधून घेतलं आणि निघालो.

अभयारण्याच्या फाटकाशी माळढोकाचं मोठं चित्र आहे. धाकटीनं ते नीट बघून घेतलं, मग दुपारपर्यंत विचारत राहिली, "हा कुठाय?" मामा सांगत होते, जवळजवळ मीटरभर उंच पक्षी, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. त्यांच्या तरुणपणी तो दिसायचा म्हणे. आज आम्हाला दिसला नाही.

काळवीट मात्र पोटभर दिसले. गवत पिवळं पडलंय, त्यात काळा कुळकुळीत नर, पिळाची शिंगं मागं टाकून ऐटीत उभा. वनमजूर काकांनी वाटेत लेंड्यांचा ढीग दाखवला. नर रोज तिथंच येऊन टाकतो, म्हणजे ही हद्द माझी. धाकटी खाली बसून बारकाईनं बघत होती. वरच्या ओल्या, खालच्या वाळून पांढुरक्या. तिच्या मोज्यांत एवढी कुसळं शिरली होती, की मोजे काढून झटकूनही निघेनात.

जेवताना मामांनी जुनं काढलं. १९७२ च्या सुमारास पक्षिप्रेमी बी. एस. कुलकर्णींनी इथल्या माळढोकांकडं लक्ष वेधलं, १९७९ ला अभयारण्य झालं. पण केवढं? ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके, गावं, शेतं, सगळं नकाशात. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, आणि माणसं पक्ष्यावर चिडली. पुढं ते १,२२२ वर आणलं. मला तर वाटतं, आधीच नेमका माळ धरला असता आणि शेतकऱ्याला सोबत घेतलं असतं, तर दोघांचंही भलं झालं असतं. काळविटांनी ज्वारी खाल्ली की इथला शेतकरी आजही शिव्याच घालतो. त्याचं तरी काय चुकतं?

बाकी गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन हे आपल्या डोक्यातच बसलंय. नांगरा, नाहीतर झाडं लावा. विजेच्या तारा तर सगळीकडंच. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, अंगानं जड, ऐनवेळी वळता येत नाही. तार लागली की संपलं. देशात आता दीडशेसुद्धा उरले नसतील.

परतताना मी सांगून बसले, की राजस्थानात जैसलमेरला २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवतात. धाकटी ताडकन उठून बसली. "म्हणजे पिंजऱ्यातच आहेत ना? मग आज्जा नको का म्हणाले?"

मामा खिडकीबाहेर बघायला लागले. हे म्हणाले, "जैसलमेरचं नंतर. आधी सहामाहीचा निकाल लागू दे."