राईस कुकर गरम होत नसेल तर फ्यूज डायरेक्ट करून घेऊ नका

साधा एका खटक्याचा इलेक्ट्रिक राईस कुकर ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी लिहितोय, कारण आमच्या बेळगाव-खानापूर भागात बरेच जण बंद पडला की आतला फ्यूज काढून वायरच जोडून घेतात आणि ते मला अजिबात पटत नाही.

आमचा ७०० वॅटचा. आधी काही दिवस भात खाली करपायला लागला, आई म्हणायची पाणी कमी पडतंय, आणि मग एका संध्याकाळी खटका दाबला तर लाईटबी नाही आणि प्लेटबी थंड. त्याच प्लगला मिक्सर लावला, चालला. वायर मल्टीमीटरवर बघितली, तीबी बरी. मग पिन काढून कुकर पालथा केला, खालचा पत्रा खोलला, प्लेटच्या दोन टोकांना मीटर लावला तर ७५ ओहमच्या आसपास आलं, ७०० वॅटला तेवढंच यायला पाहिजे, म्हणजे प्लेट शाबूत. बॉडीला कुठं टच नाही हेबी बघितलं. राहिला थर्मल फ्यूज, पांढऱ्या नळीत घातलेला, बोटाच्या पेराहून बारका. तो गेलेला.

दुकानात नेला तर दुकानदार म्हणाला "बिडरी (सोडा हो), डायरेक्ट करून देतो, परत जायचं टेन्शन नाही". चालला असता की. खरं तो फ्यूज उगंच जात नाही ना, बहुतेक वेळा प्लेट हद्दीबाहेर तापली म्हणूनच जातो, आणि तोच काढला तर पुढच्या वेळी तापलेली प्लेट थांबवणार कोण? घरात म्हातारी माणसं, पोरं असतात.

भांड्यात पाणी असेपर्यंत बूड १०० डिग्रीच्या फारसं वर जात नाही, पाणी आटलं की चढतं, आणि १०३ च्या आसपास प्लेटच्या मधल्या बटणातल्या लोहचुंबकाची ओढ सुटून स्प्रिंग खटका उडवते. आमचं ते बटणच अडकत होतं. नव्या तांदळाची पेज उतू जाऊन कडेनं आत उतरलेली आणि वाळून डिंकासारखी झालेली, बोटानं दाबलं की बटण खालीच बसायचं, सावकाश वर यायचं. करपत होतं ते म्हणूनच, पाणी बरोबरच होतं.

जुन्या टूथब्रशनं आणि ओल्या फडक्यानं सगळं खरवडून काढलं, रात्रभर वाळू दिलं. फ्यूज खडेबाजारातनं आणला, जुना बरोबर नेला होता, १८५ डिग्री १० अँपिअर छापलेलं तेच्या तेच मागितलं. जोडताना कावी (सोल्डरिंग) लावू नका बरं का, तेवढ्या उष्णतेनंच नवा फ्यूज जातो, बारकी धातूची नळी दाबून जोडायचा आणि वर ती पांढरी नळी परत चढवायची. अर्थची वायर स्क्रूला घट्ट केली.

मग थोडं पाणी घालून लावला, आटलं आणि खटका टक्कन वर आला. आता भांडं ठेवायच्या आधी आई बूड आणि प्लेट दोन्ही पुसून घेते, एखादं शीत चिकटलेलं असलं तरी भांडं नीट टेकत नाही.