स्वरयंत्राचं डिसेक्शन: घोडं अडलं ते थायरॉइड कूर्चेपाशी

मेडिकलच्या पहिल्या वर्षाला स्वरयंत्राच्या डिसेक्शनसाठी आमच्या टेबलला दोन तास मिळाले आणि त्यातला दीड तास एका कूर्चेशी झटण्यात गेला. मॅन्युअलमध्ये त्या कामाला जेमतेम एक ओळ होती. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मागची बाजू पटकन होते. घशाची मागची भिंत मध्यरेषेवर उभी चिरायची आणि क्रिकॉइडच्या (थायरॉइडखालच्या अंगठीसारख्या कूर्चेच्या) रुंद पाठीवरचं आवरण बोथट चिमट्यानं सोलायचं. मधल्या उभ्या कंगोऱ्याच्या दोन्ही बाजूंना पोस्टिरिअर क्रिकोएरिटेनॉइड दिसतो. स्वरतंतू एकमेकांपासून दूर करणारा हा एकच स्नायू.

खरी अडचण बाजूला आहे. लॅटरल क्रिकोएरिटेनॉइड आणि थायरोएरिटेनॉइड हे दोन्ही स्नायू थायरॉइड कूर्चेच्या लॅमिनाआड, म्हणजे तिच्या बाजूच्या सपाट पत्र्याआड, लपलेले असतात. लॅमिना काढल्याशिवाय ते दिसत नाहीत आणि ती घाईनं काढली तर शिल्लक राहत नाहीत. ही कूर्चा हायलाइन जातीची, वयाबरोबर तिचं हाड होत जातं. डिसेक्शनला येणारे देह बहुतेक वयस्कांचे असतात. स्काल्पेल लागेना म्हणून आम्ही जोर लावला, पातं सटकलं आणि थायरोएरिटेनॉइड पुढच्या टोकालाच फाटला. तिथे बोन कटरच हवा, आणि तोही सुरुवातीपासून हाताशी हवा. काप मध्यरेषेवर घेऊ नका, अर्धा-पाऊण सेंटिमीटर बाजूला घ्या. मध्यरेषेवर दोन्ही लॅमिना जुळून कोन होतो आणि थायरोएरिटेनॉइड आतून त्या कोनालाच चिकटलेला असतो.

दुसरी चूक थायरॉइड कूर्चेच्या खालच्या शिंगाशी झाली. ते शिंग क्रिकॉइडशी जिथे जोडलेलं असतं, त्या सांध्याच्या अगदी मागून रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह वर चढते. सांधा उघडताना टोक खोल गेलं की ती तुटलीच. आधी नर्व्ह शोधा, दोरा बांधून बाजूला घ्या, मगच सांध्याला हात लावा. क्रिकोथायरॉइड सोडून स्वरयंत्राच्या आतले सगळे स्नायू हीच नर्व्ह चालवते, त्यामुळे व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ती दाखवावी लागतेच.

क्रिकोथायरॉइड मात्र बाहेरच्या अंगाला असतो आणि त्याला एक्स्टर्नल लॅरिंजियल नर्व्ह येते. लॅमिना उचलायची तर तो कापावाच लागतो, म्हणून त्याचे दोन्ही भाग आधीच नीट पाहून घ्या. वरच्या कडेला थायरोहायॉइड पडदा (थायरॉइड कूर्चा आणि वरचं हायॉइड हाड यांच्यामधला) कापण्यापूर्वी त्यातून आत शिरणारी इंटर्नल लॅरिंजियल नर्व्ह मोकळी करा. आणि हे सगळं एकाच बाजूला करा, दुसरी बाजू अख्खी राहू द्या. आम्हाला दुसऱ्या बाजूनंच वाचवलं.

लॅमिना निघाल्यावर दोन स्नायू एकच वाटतात, कारण त्यांचे तंतू बरेचदा मिसळलेले असतात. क्रिकॉइडच्या कमानीच्या वरच्या कडेवरून मागे-वर जाणारा लॅटरल क्रिकोएरिटेनॉइड, थायरॉइडच्या कोनातून सरळ मागे जाणारा थायरोएरिटेनॉइड. रंगावर जाऊ नका, तंतूंची दिशा पाहा.

एक सांगायचं राहिलं: नमुना सतत ओल्या कापडाखाली ठेवा. वाळला की स्नायू तपकिरी होतो आणि तंतू दिसेनासे होतात.

शेवटी अख्ख्या बाजूच्या एरिटेनॉइडचा (क्रिकॉइडवर बसलेल्या छोट्या कूर्चेचा) मस्क्युलर प्रोसेस, म्हणजे स्नायू जोडलेलं टोक, चिमट्यात धरून हलकेच मागे-खाली ओढा. स्वरतंतू जोडलेलं पुढचं टोक बाहेर वळतं आणि स्वरतंतूंमधली फट डोळ्यांदेखत रुंद होते. मागचा तो स्नायू काय करतो, ते मला तेव्हा कळलं.