पंधरा नंबरचा टीबो आणि आमचं गेन्सव्हिलचं संमेलन

गेन्सव्हिलच्या युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाचं होमकमिंग, म्हणजे माजी विद्यार्थ्यांना परत बोलावणारा सोहळा, ऑक्टोबरच्या आसपास असतं. त्याला धरूनच आम्हा मराठी माजी विद्यार्थ्यांचं संमेलन भरतं. शुक्रवारी वर्गांना सुट्टी, दुपारी युनिव्हर्सिटी अॅव्हेन्यूवर मिरवणूक, रात्री विद्यार्थ्यांनीच उभा केलेला गेटर ग्राउल हा जल्लोषाचा कार्यक्रम आणि शनिवारी सामना. मिरवणूक आणि ग्राउल यांच्या मधल्या वेळात आम्ही एका अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये जमतो. दारात नारिंगी-निळी रांगोळी, आत फॉइलच्या ट्रेमध्ये बटाटेवडे. गणेशवंदना, नव्या मुलांची ओळख, गेल्या वर्षीचा हिशेब, पुढच्या वर्षीचे संयोजक हे सगळं रीतसर होतं. ते कुणी वाचायला मागणार नाही, म्हणून सोडून देते.

सांगायचंय ते जेवणानंतरचं. त्या वर्षी नव्याने आलेल्यांपैकी एकाने उभं राहून टिम टीबोचं भाषण म्हणायचं, हा आमच्याकडचा रिवाज आहे. टीबो म्हणजे विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा एकेकाळचा क्वार्टरबॅक, चढाई चालवणारा मुख्य खेळाडू. भाषण जेमतेम मिनिटाभराचं. आमचा या विद्यापीठाशी संबंध आला तो इंजिनियरिंग, शेतकी, फार्मसी अशा विषयांमुळे. फुटबॉल आम्हाला इथे येऊन कळला. तरी इतक्या वर्षांत ते भाषण ऐकताना माझा घसा दाटला नाही असं झालेलं नाही.

नव्या मुलांना आधी सामना सांगावा लागतो. 27 सप्टेंबर 2008. देशात चौथ्या क्रमांकावर असलेला आपला संघ, आपलंच मैदान, समोर ओल मिस, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचा संघ. शेवटच्या काही मिनिटांत आपण चेंडू त्यांच्या टोकाला नेऊन, म्हणजे टचडाउन करून, 31-30 पर्यंत आलो. बरोबरीसाठी मारलेली जादा गुणाची किक अडवली गेली. पुन्हा चेंडू मिळाला. चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात फक्त एक यार्ड पुढे जायचं होतं. टीबो स्वतः चेंडू घेऊन घुसला आणि तिथेच दाबला गेला. सामना गेला.

त्यानंतर पत्रकारांसमोर तो आला तेव्हा आवाज जड होता, डोळे भरलेले होते. आदल्याच मोसमात, 2007 मध्ये, त्याला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळालेली होती. दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या खेळाडूला ती मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्या मोसमात त्याने 32 टचडाउन पास दिले आणि 23 टचडाउन स्वतः धावून केले. एकाच मोसमात दोन्हींत विशीच्या वर जाणारा तो पहिला. इतकं नाव असलेल्या मुलाने सबबी सांगितल्या असत्या तरी लोकांनी ऐकून घेतल्या असत्या. किक अडली ती काही त्याच्या पायाची नव्हती. पण त्याने सुरुवातच माफी मागून केली. एकही सामना न हरता मोसम संपवायचा होता, ते आता होणार नाही म्हणाला. आणि शब्द दिला: यापुढे माझ्याइतकं जीव तोडून खेळणारा, सोबत्यांना माझ्याइतकं रेटणारा खेळाडू तुम्हाला देशात दिसणार नाही, आमच्या संघाइतका झटणारा संघही दिसणार नाही. एवढं बोलून, देव तुमचं भलं करो म्हणत तो उठून गेला.

पुढचे दहाच्या दहा सामने आपण जिंकलो. लुइझियाना स्टेटला 51-21, जॅक्सनव्हिलमध्ये जॉर्जियाला 49-10, अलाबामाला 31-20 आणि 8 जानेवारी 2009 ला मायामीत ओक्लाहोमाला 24-14. राष्ट्रीय विजेतेपद. टीबोच्या काळातलं ते दुसरं; पहिलं 2006 च्या मोसमातलं, तेव्हा तो पहिल्या वर्षाला होता आणि तेव्हाचा मुख्य क्वार्टरबॅक ख्रिस लीक याच्या हाताखाली शिकत होता.

मला मात्र दहा विजयांपेक्षा ते मिनिट मोठं वाटतं. शब्द दिला तेव्हा तो पुरा होईल याची खात्री कुणालाच नव्हती, त्यालाही नसणार. घरापासून हजारो मैलांवर पहिल्याच परीक्षेत आपटलेला, गाइडसमोर काय तोंड दाखवू म्हणून रात्रभर जागा असलेला मुलगा आमच्यात दरवर्षी एखादा तरी असतो. त्याने हे ऐकावं, म्हणून हा रिवाज मी कधी मोडू दिलेला नाही. एका वर्षी लातूरकडची एक मुलगी उभी राहिली. हातातला कागद थरथरत होता. 'आय अॅम सॉरी' एवढं म्हणून थांबली, मग कागदाची घडी घालून ओढणीत खोचली आणि पुढचं सगळं न बघता म्हणाली. टाळ्या वाजवायचंही कुणाला सुचलं नाही. पुढे तिचं पीएचडी झालं. त्याचे पेढे आम्हाला डाकेने आले.

टीबोचा धार्मिकपणा आमच्यातल्या काहींना खटकायचा. डोळ्यांखालच्या काळ्या पट्ट्यांवर तो बायबलमधल्या वचनांचे क्रमांक लिहायचा. पुढे 2010 पासून कॉलेज फुटबॉलमध्ये तसं लिहायला बंदीच आली. मला त्यात वावगं वाटलं नाही. फिलिपाइन्समध्ये मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेला आणि घरीच शिकलेला मुलगा. घरी शिकणाऱ्यांना जवळच्या शाळेच्या संघातून खेळू देणारा कायदा फ्लोरिडात नसता, तर तो कुणाला दिसलाही नसता. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमध्ये, डेन्व्हर आणि न्यूयॉर्कच्या संघांत त्याचं बस्तान बसलं नाही हे खरं. पण आमच्या गावाचा हिशेब डेन्व्हर किंवा न्यूयॉर्कने करू नये.

शनिवारी सामन्याआधी आम्ही सगळे स्टेडियमकडे चालत जातो. बाहेर स्पर्रियर, वर्फेल आणि टीबो अशा तीन हाइझमन विजेत्यांचे ब्राँझचे पुतळे आहेत. 2011 मध्ये बसवले. पोरांना पुतळ्यापाशी फोटो हवा असतो. मी त्यांना आधी फुटबॉलच्या इमारतीकडे नेते, जिथे ते भाषण धातूच्या पाटीवर कोरून लावलंय. हरल्यावर केलेलं भाषण विद्यापीठाने भिंतीवर लावलं, याचा मला फार अभिमान आहे.

आपल्या संघाला प्रेक्षकांतून जोर देणारे मिस्टर टू बिट्स, म्हणजे जॉर्ज एडमंडसन, यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पिवळा शर्ट, टाय, शिट्टी. 1949 मध्ये प्रेक्षक आपल्याच संघाची हुर्यो उडवताहेत हे त्यांना सहन झालं नाही, म्हणून टँपाचा हा विमा एजंट उठून घोषणा द्यायला लागला आणि 2008 पर्यंत देत राहिला. ज्या मोसमात टीबोने शब्द दिला, त्याच मोसमात ते निवृत्त झाले. 2019 ला गेले. हरणाऱ्या संघासाठी उभं राहणाऱ्या माणसांची मला जास्त किंमत आहे.

म्हणूनच थोडं स्पष्ट लिहिते. टीबोच्या शेवटच्या वर्षी, 2009 ला, क्लबहाउसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. 2013 ला संघ आठ सामने हरला आणि वडे उरले. ऑर्लँडोहून दोन तासांचा रस्ता आहे, तरी तिथल्या मंडळींना ऐनवेळी काम निघतं. अटलांटाचं एक कुटुंब पाच तास गाडी हाकत, दोन लहान मुलांना घेऊन येतं. मी हे विसरत नाही.

आता ज्यांच्यामुळे हे चालतं त्यांच्याबद्दल. नावं छापू नका असं बहुतेकांनी बजावलंय, म्हणून खुणेने लिहिते. क्लबहाउस आपल्या नावावर घेऊन देणाऱ्या आणि अनामत रकमेचा विषय कधीच न काढणाऱ्या वहिनी. जॅक्सनव्हिलहून आदल्या रात्री येऊन बटाटे उकडणारे काका-काकू. टँपाहून कढीपत्ता आणणारे दादा. सामन्याच्या दिवशी आपल्या घरासमोरच्या हिरवळीवर आमच्या गाड्या लावू देणारे शेजारचे अमेरिकन आजोबा. माइक आणि स्पीकर सांभाळणारी फार्मसीची दोघं. रांगोळीवाली ताई, आणि तिला रंग देऊन ठेवणारी तिची खोलीतली तमिळ मैत्रीण. विमानतळावरून नव्या मुलांना आणणारे सगळेच. रात्री उशिरा कचऱ्याच्या पिशव्या बाहेर नेणारा पुसदचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी त्याचा उल्लेख राहिला होता, तो इथे मुद्दाम करते. आणि ताक. ताक दरवर्षी ओकालाच्या मावशीच आणतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही.

यंदाचं भाषण सांगलीच्या एका मुलाने मागून घेतलंय. पाठ झालंय म्हणतो. ऑर्लँडोकरांनी कळवायचं असेल तर लवकर कळवा, वड्यांचा अंदाज काकूंना आधी लागतो.