पुणे ते जयगड, फोनच्या भरवशावर: नकाशा कुठे कामाला आला, कुठे नाही

ताम्हिणीतून खाली उतरून म्हसळा, बागमांडला, वेळास, आंजर्ले, दाभोळ, गुहागर, जयगड आणि येताना चिपळूणवरून कुंभार्ली घाट, असा आमचा फेब्रुवारीअखेरचा फेरा. गाडी नवऱ्याकडे, फोन माझ्याकडे, मागे सासूबाई. कासवांची पिल्लं, उकडीचे मोदक, कड्यावरचा गणपती यांवर भरपूर लिहून झालंय, त्यात मी भर घालत नाही. हे लिहितेय ते फोनमधल्या नकाशाबद्दल. या रस्त्यावर तो जितका उपयोगी पडतो तितकाच डोक्याला ताप देतो, आणि कुठे काय करेल हे आधी माहीत असलं तर बराच वैताग वाचतो.

सुरुवात पुण्यातच होते. चांदणी चौकातला जुना पूल 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पाडला, नवा 2023 च्या ऑगस्टमध्ये खुला झाला, आणि आता तिथे वर-खाली, आत-बाहेर इतक्या फांद्या आहेत की रोज जाणारेसुद्धा चाचरतात. फोनची जागा ओळखण्याची अचूकता मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटर. म्हणजे शेजारी-शेजारी जाणाऱ्या दोन रॅम्पपैकी तुम्ही कुठल्यावर आहात, किंवा पुलावर आहात की पुलाखाली, हे त्याला खात्रीने कळत नाही. आमच्या फोनने ‘उजवीकडे राहा’ सांगितलं तेव्हा उजवीकडची फांदी मागे पडून गेली होती. इथे फोनकडे बघूच नका. मुळशी-पौडचे फलक बघत चला, पिरंगुट आलं की मग त्याचं ऐका.

मुळशी मागे पडलं की घाटात नेटवर्क जातं. ‘जीपीएस गेलं’ असं सगळे म्हणतात, पण जीपीएस जात नाही. ते उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवत राहतात आणि फोन तो नुसता ऐकतो. किमान चार उपग्रह ऐकू आले की जागा निघते, त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही. जातो तो इंटरनेटवरून येणारा नकाशा आणि नवा मार्ग शोधण्याची सोय. घरून मार्ग लावून निघालात तर निळा ठिपका ताम्हिणीतही व्यवस्थित सरकतो. घोळ होतो चहाला थांबल्यावर. कुणीतरी फोटो काढायला तोच फोन घेतं, अ‍ॅप बंद होतं, आणि पुन्हा उघडल्यावर पडद्यावर राखाडी चौकोन. मग विळे येईपर्यंत रामभरोसे. उपाय सोपा आहे, तरी निम्मे लोक करत नाहीत: आदल्या रात्री घरच्या वायफायवर रायगड, रत्नागिरी आणि साताऱ्याचा पट्टा ऑफलाइन उतरवून ठेवा. ऑफलाइन असताना वाहतुकीची माहिती आणि पर्यायी मार्ग मिळत नाहीत, पण वळणं मिळतात, आणि घाटात आपल्याला तेवढंच हवं असतं.

माणगावला मात्र त्याचा खरा फायदा झाला. शनिवारी सकाळी तिथल्या मुख्य रस्त्यावर मुंबई-गोवा महामार्गाची सगळी गर्दी येऊन पडते. पुढे किती वेळ अडकणार हे निजामपूरलाच कळलं, म्हणून नाश्ता तिथेच उरकला आणि कोंडी जरा सुटल्यावर मोर्बा रस्त्याने म्हसळ्याकडे निघालो. वाहतुकीचा अंदाज हे या अ‍ॅप्सचं सगळ्यात मोठं काम आहे, त्याला नावं ठेवायला जागा नाही.

आता वेळास. कासवांसाठी जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. वेळास दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरच्या बाजूला; त्याला वेळास आगरही म्हणतात. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, बाणकोटजवळ. कासव महोत्सवाचं ते दुसरं. रोमन लिपीत दोन्हींचं स्पेलिंग एकच, आणि अ‍ॅप बहुतेक वेळा जवळचं पुढे करतं. ओळखायची खूण अशी: पुण्याहून श्रीवर्धनच्या बाजूने येताना मार्गात खाडी ओलांडायची फेरी दिसली नाही, तर ते वेळास तुमचं नाही. नुसतं गावाचं नाव टाकण्यापेक्षा ‘बाणकोट किल्ला’ टाका, तिथून वेळास अगदी जवळ आहे. ज्यांच्या घरी उतरणार आहात त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागवणं सगळ्यात उत्तम. पण ते त्यांनी अंगणात उभं राहून पाठवलेलं हवं. पुण्यातल्या भाच्याने ‘इथेच कुठेतरी’ म्हणून टाचलेली पिन ग्रामपंचायतीपाशी नेऊन सोडते, आणि वाडीतल्या पाखाडीत, म्हणजे दगडी अरुंद वाटेत, गाडी वळवताना काय होतं ते कोकणात गेलेल्यांना माहीत आहे.

फेरीचं प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण या मार्गाचा जीव त्यातच आहे. बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा तीन खाड्या गाडीसकट बोटीने ओलांडायच्या. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘फेरी टाळा’ असं एक बटण असतं. ते कधीतरी चुकून चालू झालं असेल तर दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला तो दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभरावर किलोमीटरचा वळसा दाखवतो, तोही कुठलीही शंका न घेता. निघण्याआधी ते बटण बघा.

बटण बंद असलं तरी वेळेचा हिशोब त्याच्यावर सोडू नका. बोट नुकतीच सुटली आहे, पुढची भरल्यावर किंवा ठरल्या वेळी निघेल, तुमच्यापुढे लग्नाच्या वऱ्हाडाच्या चार गाड्या आहेत, यातलं काही त्याला ठाऊक नसतं. वेश्वीला पोचायची त्याने दिलेली वेळ आमच्या बाबतीत पाऊण तासाने चुकली आणि मला ती चूक वाटतही नाही. जेट्टीवरच्या रांगेचं गणित फोन करणार तरी कसं? शेवटची बोट कितीला हे मात्र आदल्या दिवशी फोन करून विचाराच. संध्याकाळी ती चुकली तर तोच शंभर किलोमीटरचा वळसा अंधारात मारावा लागतो.

बोटीत अ‍ॅप बंद ठेवा, नाहीतर करमणूक म्हणून चालू ठेवा. भर सावित्रीच्या खाडीत, इंजिनाच्या धडधडाटात, आमच्या फोनमधल्या बाई शांतपणे ‘यू-टर्न घ्या’ म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, “हिला पोहता येतं वाटतं.”

वेश्वीहून आंजर्ले, हर्णै, दापोली हा टप्पा सरळ गेला. रस्ता अरुंद आहे, वळणं पुष्कळ, पण नकाशाने कुठे फसवलं नाही.

गुहागरच्या पुढे मात्र गंमत झाली. सासूबाईंचं माहेर पालशेतचं. मोडकाआगर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ हा रस्ता त्यांनी लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून पाहिलेला. हेदवीच्या अलीकडे अ‍ॅपने सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरून, एक आडवाट सुचवली, सहा मिनिटं वाचतील म्हणून. नवऱ्याने मोहाने गाडी घातली. पहिला अर्धा किलोमीटर डांबर, मग खडी, मग नुसती तांबडी माती आणि दोन्ही बाजूंना कापलेल्या जांभ्याच्या सरळ भिंती. पुढून चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक आला. ड्रायव्हरने काच खाली केली आणि काही न विचारताच सांगितलं, “हा खाणीत जातो हो. मागे घ्या, शाळेकडून उतरा.” रोज कुणीतरी येत असणार, त्याच्या आवाजात जराही आश्चर्य नव्हतं.

हे का होतं ते एकदा लक्षात घेतलं की राग कमी होतो. नकाशात रस्ता म्हणजे एक रेघ. ती कधी सरकारी नोंदीवरून येते, कधी उपग्रहाच्या छायाचित्रावरून, कधी त्या वाटेने गेलेल्या लोकांच्या फोनवरून. वरून पाहिलं तर चिरेखाणीत जाणारी रुंद तांबडी वाट गावच्या डांबरी रस्त्यापेक्षाही ठळक दिसते. शिवाय रस्ता हिरवा की लाल, हे ठरतं त्या रस्त्यावरच्या इतर फोनच्या वेगावरून. पुणे-सातारा रस्त्यावर हजारो फोन धावत असतात, तिथे अंदाज चोख. हेदवीच्या सड्यावर दिवसभरात फोन किती जाणार? तिथे रंग न दिसणं म्हणजे रस्ता मोकळा नव्हे, माहितीच नाही असा अर्थ. आणि दुचाकीचा मोड चुकून लागला असेल तर तो पायवाटेएवढ्या बोळातूनही नेतो. तेही एकदा तपासा.

सासूबाईंचा यावर एकच प्रश्न असतो: “एसटी जाते का त्या रस्त्याने?” मी हा प्रश्न आता कोकणातल्या प्रवासासाठी नियम म्हणून घेतलाय. एसटी जात असेल तर चारचाकी जाते, पूल उभा आहे, वळण बसतं आणि बिघाड झाला तर माणूस दिसतो. अ‍ॅपने आडवाट सुचवली की पानाच्या टपरीवर, रिक्षा स्टँडवर एवढंच विचारा. ‘हा रस्ता कसा आहे’ असं विचारू नका, त्याला उत्तर ‘जातो की’ असंच येतं. स्कूटरवाल्याला सगळेच रस्ते जातात.

मार्ग आपण ठरवायचा आणि वळणं फोनला सांगू द्यायची, असं आम्ही त्यानंतर केलं. म्हणजे ‘जयगड’ एवढंच न टाकता मधले थांबे एकेक करून टाकायचे: पालशेत, हेदवी, तवसाळ जेट्टी. मग त्याला शहाणपणा करायला जागा उरत नाही.

यात थट्टेचा भाग सोडला तर गोष्ट जिवावरची आहे. 2021 च्या जानेवारीत अकोले तालुक्यात कोतूळजवळ नकाशा बघत रात्री निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या पुलावर गेली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी रामगंगेत कोसळून तिघं गेले, तेव्हाही नकाशाचाच विषय निघाला. दोन्हीकडे अडथळा, फलक नीट असायला हवे होते हे खरंच. पण अनोळखी रस्त्यावर रात्री पुढे पाणी किंवा काळोख दिसला तर गाडी थांबवून दिवे लावून उतरून बघा, फोन काहीही म्हणो. पावसाळ्यात वरंधसारखे घाट बंद होतात, ते अ‍ॅपला लगेच कळेलच असं नाही. निघायच्या सकाळी बातमी बघा, किंवा भोर-महाडकडे कुणी ओळखीचं असेल तर फोन करा.

परतीला जयगड, गणपतीपुळे, निवळी आणि तिथून महामार्गाने संगमेश्वर, चिपळूण. महामार्गाचं काम चालू असेल तिथे डायव्हर्जन सारखी बदलत राहतात, नकाशा मागे पडतो; तिथे पुढच्या ट्रकच्या मागे राहणं बरं. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरून कराडकडे वळलो तेव्हा अंधार पडला होता.

आणि कुंभार्ली घाटात मी त्याच फोनला मनापासून धन्यवाद दिले. पोफळी सोडलं की चढ सुरू होतो, दिवे नाहीत, समोरून ट्रकचे झोत डोळ्यांवर. रस्ता पुढे कुठे मुरडतो ते गाडीच्या उजेडात शेवटच्या क्षणी कळतं. नकाशावर ते दोन वळणं आधी दिसत होतं. मी शेजारून सांगत होते, “उजवं, घट्ट आहे. मग लगेच डावं.” नवऱ्याने संपूर्ण घाटात एकदाही पडद्याकडे पाहिलं नाही, आणि ते तसंच हवं. शेजारी बसणारं कुणी नसेल तर आवाज चालू ठेवा. आवाज मराठीतही मिळतो; गावांची नावं ती बाई काहीच्या बाही उच्चारते, पण डावं-उजवं बरोबर सांगते. पाटण, मल्हारपेठ, उंब्रजमार्गे महामार्गाला लागलो. खंबाटकीच्या बोगद्यात ठिपका थोडा वेळ अडतो, बाहेर आलं की सापडतो, घाबरू नका.

फोनची निगाही लागते. आमचा फोन काचेला चिकटवलेला होता, दुपारच्या उन्हात तो इतका तापला की पडदा मंद झाला आणि चार्जिंग थांबलं. एसीच्या झरोक्याला अडकवायचा स्टँड घ्या, थंड राहतो. जुन्या गाड्यांच्या म्युझिक सिस्टीममधला यूएसबी नेव्हिगेशन चालू असताना पुरा पडत नाही, बॅटरी चढण्याऐवजी हळूहळू उतरतेच. लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा चांगला चार्जर ठेवा.

दुसऱ्या फोनवर दुसरं अ‍ॅप असू द्या. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर चालतात, पूर्ण ऑफलाइन. वाहतूक दाखवत नाहीत, पण किल्ल्यांच्या पायवाटा, देवळं, पाणवठे कुणीतरी हौसेने भरलेले असतात. गोपाळगडाकडे किंवा जयगड किल्ल्यात फिरणार असाल तर फार बरं पडतं. मॅपल्स हे भारतीय अ‍ॅपही काहींना आवडतं. मी ते नीट वापरलेलं नाही.

पेट्रोलचं तेवढं फोनवर सोडू नका. श्रीवर्धन ते दापोली या पट्ट्यात पंप विरळ आहेत, आणि नकाशावर दिसणारा पंप उघडा असेलच असं नाही. माणगावला टाकी भरूनच पुढे निघा.