रबरबँड लावलेली पाकिटे

मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात आहारतज्ज्ञाला एका रुग्णासाठी जेमतेम दहा मिनिटे मिळतात आणि त्यातला निम्मा वेळ "मी तर काही खातच नाही" हे ऐकण्यात जातो. त्यामुळे समोरचा माणूस काहीतरी लपवतो आहे असे गृहीत धरण्याची वाईट खोड आम्हाला लागते. गेल्या पावसाळ्यात टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका आले, तेव्हा मीही तेच गृहीत धरले. चार महिन्यांत त्यांचे एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा, ७.१ वरून ८.२ वर गेले होते, गोळ्या त्याच होत्या, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर नेहमीप्रमाणे "आहार सल्ला" एवढे दोनच शब्द लिहून आपले कर्तव्य संपवले होते.

आदल्या दिवशी काय खाल्ले असे विचारताच काकांनी पिशवीतून मसाला ओट्सची रिकामी पाकिटे काढली. ती सपाट करून त्यांना रबरबँड लावलेला होता आणि प्रत्येकावर बॉलपेनने तारीख घातलेली होती. रोज सकाळी दोन. "एकाने पोट भरत नाही, मॅडम." त्याआधी वर्षानुवर्षे ते सकाळी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी खात असत. ती त्यांनी सोडली, कारण मीच दिलेल्या छापील कागदावर 'नाश्ता' या शब्दापुढे 'ओट्स' असे लिहिलेले होते.

साध्या झटपट ओट्सचे पोषणमूल्यांचे कोष्टक पाहिले तर दोष काढायला जागा नसते. ४० ग्रॅममध्ये सुमारे १५० कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिने आणि ४ ग्रॅम तंतू. जाड ओट्सच्या डब्यावरही जवळजवळ हेच आकडे असतात. कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत करणारे बीटा-ग्लुकनही दोन्हींत असते, मात्र त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम लागते आणि ते मिळायला साधारण ७५ ग्रॅम ओट्स खावे लागतात, ही गोष्ट पाकिटावरचे लाल हृदय सांगत नाही. फरक आहे तो दाण्यावर झालेल्या संस्कारात. जाड पोहे आणि पातळ पोहे यांच्यातला भेद ज्याला ठाऊक आहे त्याला हे लगेच कळेल: झटपट ओट्स कारखान्यातच जास्त शिजवून, पातळ लाटून वाळवलेले असतात, त्यामुळे त्यांतील पिष्ट आधीच फुललेले असते आणि पोटात गेल्यावर त्याची साखर व्हायला वेळ लागत नाही. म्हणूनच जाड लाटलेल्या ओट्सचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते ते सांगणारा आकडा, ५५ च्या आसपास असतो, तर झटपट ओट्सचा ७५ च्या पुढे जातो. कोष्टकात वेगाचा रकाना नसतो.

मसाल्याच्या पाकिटाची गोष्ट आणखी निराळी. काकांच्या पाकिटामागे सोडियम सुमारे ४०० मिलिग्रॅम छापले होते. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते, म्हणजे दोन पाकिटांत २ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत सांगितली आहे, आणि काकांना रक्तदाबाची गोळीही चालू होती. घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन होते, जे चवीला फारसे गोड नसले तरी रक्तात साखरेसारखेच वागते.

मी त्यांना घरच्या ग्लुकोमीटरवर न्याहारीनंतर दोन तासांनी साखर मोजायला सांगितले. हिशेबी माणूस, पुढच्या आठवड्यात त्यांनी रेघा आखलेला कागद आणला. दोन पाकिटांनंतर २१४, भाकरी-मेथीनंतर १६२. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी त्यांना सांगितले आणि स्वतःलाही. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तुमच्या कागदावर नुसतेच 'ओट्स' का लिहिले होते?"

तो कागद मी सहा वर्षांपूर्वी घाईत केला होता. त्यात भाकरी दुपारच्या जेवणात होती, सकाळी नव्हती, आणि ती सकाळी का नव्हती याचे मला आजही धड उत्तर देता येत नाही. दिवाळीनंतर काकांचे एचबीएवनसी ७.४ आले, पण तोवर पाऊस थांबून त्यांचे चालणेही सुरू झाले होते, त्यामुळे श्रेय नेमके कशाला द्यावे ते ठरत नाही. नव्या कागदावर त्या एका शब्दाच्या साडेतीन ओळी झाल्या आहेत, आणि आता तो एका पानात मावत नाही अशी स्वागतकक्षातल्या मुलीची तक्रार आहे.